दुरुस्ती

राजपत्र आलं की माझं काम सुरू.
जिल्हा न्यायालय, नाशिक. तळमजल्यावरचं ग्रंथालय,
खिडकीबाहेर जुन्या सीबीएसवरचे भोंगे,
टेबलावर डिंकाची बाटली, पोलादी पट्टी, कात्री.
नवा शब्द कापायचा, जुन्यावर डकवायचा.
एकतीस वर्षं हेच.
वकील मला खैरनार भाऊसाहेब म्हणतात.
बायको म्हणते, कायद्याला ठिगळं लावणारा शिंपी.

या खेपेची दुरुस्ती नखाएवढी.
मुलांना राबवणाऱ्याला शिक्षा: कैद किंवा दंड.
त्यातला 'किंवा' जाणार,
तिथे 'आणि' बसणार.
शेजारी वर्षांचा आकडाही वाढलाय,
पण आकड्यांचं मला फारसं कौतुक नाही.

'किंवा' मात्र मी पाहिलाय.
एका वीटभट्टीवाल्याला पाहिलंय
खिडकीवर नोटा मोजताना, थुंकी लावून,
पावती चौकोनी घडी करून खिशात टाकताना,
आणि जेवायच्या वेळेला घरी पोचताना.
'किंवा' म्हणजे कोर्टाचं मागचं दार.
कडी कुणी लावतच नाही.

ती आली त्या दिवशी
साक्षीदार मुलांच्या खोलीला रंग देणं चाललं होतं.
मॅडम म्हणाल्या, तासभर तुमच्याकडे बसू द्या.
नाव सांगणार नाही. तसा कायदा आहे, आणि तो चांगला आहे.
कागदावर ती बालक क्रमांक चार.
हरसूलकडची. वय अंदाजे अकरा.
हा 'अंदाजे' सिव्हिलच्या डॉक्टरांनी दात बघून दिलेला.

बापाने उचल घेतली होती:
आठ हजार, वर एक जुना मोबाइल.
बदल्यात दोन हंगाम, दिंडोरीकडच्या बागेत
द्राक्षाची विरळणी.
घडात मोठ्यांची बोटं जात नाहीत साहेब,
बागवाल्याने जबाबात सांगितलं,
जणू तिच्या पात्रतेचा दाखलाच देत होता.

तिने टेबलावरची कात्री पाहिली.
विचारलं नाही. उचलली.
टोक स्वतःकडे, मनगट सैल,
आणि माझ्या हातून नेहमी तिरकी जाणारी रेघ
तिने एका दमात सरळ कापली.
तळव्यावर 'आणि', तांदळाच्या दाण्यासारखा.

मी म्हणालो, वा!
खरंच म्हणालो.
दुसरा कागद पुढे सरकवला. मग तिसरा.
पुस्तकाच्या सहा प्रती होत्या.
चौथ्याला लक्षात आलं
की खोलीत एक मोठा माणूस चहा पीत बसलाय
आणि एक मूल काम करतंय.

कात्री काढून घेतली. जोरात नाही,
तरी तिचे खांदे वर आले.
"चुकलं?"
"नाही गं."
मग काय, ते मला सांगता येईना.
एकतीस वर्षं कलमं हाताळली,
आणि तिला कळेल असं
एक वाक्य माझ्याकडे नव्हतं.
बिस्किटाचा पुडा होता, तो दिला.

हेही सांगितलं नाही
की तिच्या खटल्याला हा शब्द लागणार नाही.
राजपत्राची तारीख नंतरची,
तिचे दोन हंगाम आधीचे.
जो 'आणि' तिने कापला
तो पुढच्या कुणा क्रमांकासाठी.

शिपायाने पुकारा केला.
दारापर्यंत गेली, थांबली.
"चिकटवलेलं निघतं का?"
"पक्का डिंक आहे," मी म्हणालो.
मग खरं ते सांगितलं:
"कुणी मुद्दाम ओरबाडलं तर निघतं."
तिने मान हलवली.
हे तिला लगेच कळलं.

संध्याकाळी सगळ्या प्रती लावून झाल्या.
कागद पातळ आहे यंदा.
पान उजेडाला धरलं
की 'आणि'च्या पाठीशी 'किंवा' अजून दिसतो.
दोन पट्ट्या मी कापल्या होत्या.
त्या तिरक्या गेल्या.
तशाच लावल्या.