चौदावं होल

स्की-लिफ्ट बंद आहे. उन्हाळाभर खुर्च्या
तारेवर नुसत्या लोंबतात, रिकाम्या,
आणि त्यांच्याखालून आम्ही तिघं चढतो,
पाठीवर चकत्यांच्या पिशव्या, आणि पाण्याची एकच बाटली,
माझी, जी मार्लिस पिते.

पहिल्या होलला ऑरिन म्हणतो, आज पार.
दर रविवारी म्हणतो.
चांदीच्या खाणीत पंप दुरुस्त करतो तो,
खालचं पाणी वर आणणं त्याला जमतं,
वरची चकती खाली पोचवणं जमत नाही.

मी हिवाळ्यात याच घाटातला बर्फ ढकलते, ट्रकने,
रात्री तीनला, एकटी.
एकेक वळण पाठ आहे.
पण इथे वर हवा पातळ,
चकतीला टेकायला काही सापडत नाही,
ती लवकर दमते, डावीकडे कलते,
आणि डावीकडे नेमकी दरी.
हे मला ठाऊक आहे. सात वर्षं ठाऊक आहे.
हाताला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तिसऱ्याला फरच्या झाडावर. चौथ्याला फरच्या झाडावर.
पाचव्याला लार्चवर, म्हणजे प्रगती.

सहाव्याची टोपली अशा उतारावर रोवलीय
की साखळीला चाटून गेलेली चकती
कडेवर उभी राहते, क्षणभर विचार करते
आणि चाकासारखी निघते,
पन्नास फूट, सत्तर फूट, पायवाट ओलांडून पलीकडे,
आम्ही कमरेवर हात ठेवून बघतो,
दुसऱ्याच्या घरचं भांडण बघावं तसं.
दुसऱ्याचं नसतं. माझंच असतं.

नवव्यानंतर आकडे लिहायचं सोडतो.
अकराव्यापासून पुन्हा लिहितो,
कारण मार्लिसने चाळीस फुटांवरून साखळ्या वाजवल्या,
खळ्ळकन,
खांदा निकामी झाल्यापासून ती कोपरानेच फेकते,
शाळेच्या बसचं दार उघडावं तशी.
त्या आवाजाने झाडीतलं एक हरीण उठून गेलं.
तिने वळूनही पाहिलं नाही, फक्त बाटली मागितली.

चौदावं.
कड्याच्या टोकाशी चार फळ्या ठोकलेल्या,
टोपली इतकी खाली की कुणी टाचणी विसरून गेलंय वाटावं.
इथे सगळे चांगले खेळाडू होतात, पाच-सहा सेकंद.
माझी निळी सुटली, तरंगली,
खुर्च्यांच्या तारेखालून गेली, सरळ, सरळ,
ऑरिन 'अगं' म्हणाला,
आणि मग ती आठवण आल्यासारखी डावीकडे वळली.

हकलबेरीच्या झुडपांत अर्धा तास.
बोटं जांभळी, नडग्या ओरखडलेल्या,
अस्वलाची ताजी विष्ठा, तिच्याभोवती आम्ही अदबीने वळसा घातला.
निळी नाही. पण एका पडलेल्या ओंडक्याखाली
नारिंगी, उन्हाने विटलेली,
मागे मार्करने: एल्डन रस्क, आणि नंबर.

बुंध्यावर चढून हात उंच केला तेव्हा रेंज आली.
बाईने उचलला. मी सांगितलं, सापडली.
ती गप्प. मग आवाज खाली आणून:
'कुठे? ओंडक्याखाली?
अहो, तिथेच राहू द्या.
त्याला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय,
दोन वर्षं म्हणत होते, दारापर्यंत गेला नाही.
आता ती शोधायला दर बुधवारी डोंगर चढतो.
साखर उतरलीय.'
पाठीमागून कुणी पुरुष विचारत होता, कोण गं?
'राँग नंबर,' ती म्हणाली, आणि ठेवला.

ऑरिनने चकती परत सरकवली, चांगली आत.
मार्लिस म्हणाली, इतकी नको,
कधीतरी सापडायला हवी ना माणसाला.
त्याने वीतभर बाहेर ओढली.
तिने पायाने पुन्हा थोडी आत ढकलली.
मी वर दोन सुकी पानं ठेवली.

मग माझी शोधली, थोडा वेळ.
तिच्यावरही नाव आहे, नंबर आहे,
आणि फोन उचलायला घरी कुणी नाही, मीच.

पंधराव्याची टोपली चढावर होती.
मार्लिसने बाटली परत दिली. तळाशी घोटभर ठेवलं होतं.