आधी काय होतं यात?

जुन्या बाजारात, बुधवारी,
गंजके पाने आणि जोडी हरवलेले बूट यांच्या मधे
तो उभा होता. वीस लिटरचा, पत्र्याचा, हिरवट,
अंगावर कुठल्याशा पलटणीचा अर्धा खरवडलेला आकडा.
विकणारा म्हणाला दीडशे, मी म्हणाले ऐंशी,
शंभराला मिटलं.
झाकण फिरवून नाक जवळ नेलं
तेव्हा डब्यानेच सांगितलं
विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं ते.

मला हवा होता डिझेलसाठी.
आमच्या जनरेटरला आम्ही मामंजी म्हणतो,
मान दिल्याशिवाय सुरू होत नाही.
धायरीच्या लग्नांत वीज गेली
की नवऱ्यामुलाला सोडून सगळे त्याच्याकडे बघतात.

बोहरी आळीत, फिदाअलींच्या दुकानी
झाकणाचं रबर मागितलं.
त्यांनी दिलं नाही.
“आधी काय होतं यात?”
पेट्रोल.
“आता काय भरणार?”
डिझेल.
“मग रबर पुढच्या आठवड्यात.”

“प्लास्टिकचा असता तर टाकून द्या म्हणालो असतो,
प्लास्टिक पिऊन बसतं.
हा पत्रा आहे, सोडेल. पण सावकाश.
आणि कडी जोडायला वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका,
रिकामा आहे, रिकामा आहे, म्हणत.”
डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं त्यांनी.
तिथे भुवई नव्हती.

गच्चीवर दोन विटांवर उपडा घातला, तोंड उघडं.
पेट्रोलची वाफ जड, खाली उतरते म्हणे.
शेजारच्या गुजरबाईंचा बंब पेटतो सकाळी सहाला,
म्हणून पार दुसऱ्या टोकाला, टाकीच्या मागे.
त्या विचारत होत्या, डब्याला सुतक आहे का?

मला आठवलं ते त्यांना नाही सांगितलं.
बाबा लूनासाठी ज्यात पेट्रोल आणायचे
त्याच डब्यात आईने रेशनचं निळं रॉकेल आणलं,
दोन तास रांगेत उभं राहून.
तळाशी उरलं होतं थोडंसं. घोटभरसुद्धा नसेल.
स्टोव्ह एकदम उभा राहिला छतापर्यंत,
पडदा गेला, माझं भूगोलाचं पुस्तक गेलं,
आईने ओलं पोतं टाकलं, संपलं.
कुणाला काही झालं नाही, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं.
आता घरात गॅस आहे, लायटर आहे,
तरी पेटवताना आई तोंड फिरवते.

पाच दिवसांनी अर्धा लिटर डिझेल ओतलं,
झाकण लावून घुसळलं, ताक करतात तसं,
आणि ते गटारात नाही
(गटार कुठे जातं ते मुठेला विचारा),
बाटलीत भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजला दिलं,
जळक्या ऑइलच्या पिंपासाठी.
पुन्हा उपडा. पुन्हा नाक.
अजून होतं. धाग्याएवढं, पण होतं.
फिदाअली म्हणाले, “राहू द्या अजून चार दिवस.
तुमचं लग्न थोडंच आहे?”

जुना आकडा खरवडला पुरता, पत्रा उघडा पडेपर्यंत.
वरून नुसता रंग मारला असता
तर उन्हाळ्यात आतलं अक्षर वर आलं असतं.
दोन्ही अंगांना पिवळ्या रंगात लिहून घेतलं: डिझेल.
पेंटरने झ जरा मोठा काढला.
रबर मिळालं. वीस रुपये.

परवा धायरीला, अक्षता पडायच्या सुमारास,
एक पोरगा आला. गाडी बंद पडली होती रस्त्यात.
“मावशी, त्या डब्यातलं थोडं द्या ना.”
मी पिवळं अक्षर दाखवलं.
“मग पंपावरून आणतो,” म्हणाला,
आणि जेवणाच्या टेबलावरची
पाण्याची रिकामी बाटली उचलली.
आधी काय होतं यात?
“पाणी!” हसला तो.
आणि गाडीत ओतून झाल्यावर
ही कुठे ठेवणार आहेस?

टेबलाखाली दोन पोरं
उरलेल्या बाटल्या गोळा करत होती,
एकेक हलवून,
कशात घोटभर उरलंय का बघत.
त्याने हातातली खाली ठेवली नाही.
नुसता उभा राहिला.
मामंजी मागे धडधडत होते.