सोडलेली जागा

फ्रीजवर दोन पत्रं आहेत,
माशाच्या आकाराच्या एकाच चुंबकाखाली.
वरचं पूर्वेकडच्या शहरातलं, जाड कागद,
शिक्क्यावर लॅटिन.
खालचं इथलंच, डुलुथचं, घरापासून चाळीस मिनिटांवरचं.
त्यांनी माझ्या आडनावातलं एक अक्षर खाल्लंय.

बाबा खनिजाच्या धक्क्यावर टन मोजतात.
गळ-आमिषाच्या दुकानाच्या पावतीमागे
त्यांनी माझं कर्ज मांडलं, व्याजासकट, वीस वर्षांचं.
पेन्सिल कानावर ठेवली.
"एवढ्यात एक लहान बोट येते," म्हणाले.
जेवण झाल्यावर, भांडी पुसता पुसता :
"लहान नाही. मध्यम."

आई मत देत नाही.
ती रोज सकाळी दोन्ही शहरांचं तापमान वाचून दाखवते,
जणू मी कोट कुठला घेऊ एवढाच प्रश्न आहे.

अकरा दिवस मी दोन्ही घरची पाहुणी,
आणि उपाशी मात्र नाही :
जो येतो तो केक घेऊन येतो,
केकबरोबर सल्ला.
नाव बघ. पैसा बघ. मुलगा कुठे शिकतोय ते बघ.
(मुलगा कुठेच शिकत नाही. तो डिसेंबरातच गेला.)

पहाटे पाचला मी डायलिसिसच्या खोलीत मशीनं जोडते.
चार नंबरच्या खुर्चीत डेल्फीन बेलांजे,
आठवड्यातून तीनदा किनाऱ्याकिनाऱ्यानं दोन तास गाडीतून येणाऱ्या,
कारण त्यांच्या गावाजवळ असं मशीन नाही.
मला वाटलं, त्या म्हणतील, राहा.
त्यांनी विचारलं, "तिथे पार्किंग फुकट असतं?"
मग दंड पुढे करत, नव्या मुलीकडे हनुवटी वळवून :
"कुठेही जा. पण जायच्या आधी
हिला सुई टोचायला शिकव."

पूर्वेच्या यादीत मी आधी नव्हतेच.
प्रतीक्षेत होते, मार्चभर.
मग एका मंगळवारी फोन वाजला :
एक जागा रिकामी झाली आहे.
कुणी सोडली, का सोडली,
ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही,
मी फक्त पार्किंगच्या बर्फात उभी राहून हो म्हणाले, तीनदा.

आमच्याकडे खुर्ची दोनच कारणांनी कायमची रिकामी होते.
एक, मूत्रपिंड मिळतं.
दुसरं आम्ही मोठ्यानं बोलत नाही.
दोन्ही वेळा मी तोच निळा फडका घेते,
तेच औषध फवारते,
दहा मिनिटांनी यादीतल्या पुढच्या माणसाला हाक मारते.
तो बसतो. बसताना कधी कधी
हात टेकून गादी चाचपून बघतो.

एकोणतीस एप्रिल, रात्र.
सरोवरावरचा बर्फ फुटलाय,
पुलाखालून एक जहाज आत येतंय,
एक लांब, दोन आखूड भोंगे,
आणि पूल तेच त्याला परत म्हणतो.
बाबा झोपेत कूस बदलतात.

मला विचाराल तर नीट कारण सांगता येणार नाही.
इथल्या मुलाखतीत एका बाईंनी विचारलं होतं,
"शीर सापडली नाही तर तू काय करतेस?"
"माफी मागते आणि दुसऱ्याला बोलावते."
त्यांनी ते लिहून घेतलं होतं.
एवढ्यावर कुणी आयुष्य ठरवतं का?
कदाचित. कदाचित ती बोटही असेल, मध्यम आकाराची.

पूर्वेच्या पानावर मी "नाही"वर टिचकी मारते.
पान विचारतं : कारण?
खाली सात पर्याय.
पैसा. कुटुंब. अंतर. हवामानसुद्धा.
मी "इतर" निवडते, तर लिहायला एक चौकट उघडते.

कुठेतरी कुणीतरी फोन उशाशी ठेवून पडलं असेल.
तिचं नाव मला कधीच कळणार नाही.
जिनं आधी सोडली तिचंही.

मी लिहिते : खुर्ची अजून कोमट आहे.
मग ते पुसते,
आणि चौकट तशीच ठेवून
पाठवते.