पाणसळ

वाल्परायसोच्या टेकड्यांवर सपाट असं काही नसतंच.
दोन्या एर्मेलिंदाच्या जेवणघरात संत्रं सोडलं
तर ते टेबलाखालून, उंबऱ्यावरून, सज्जात जातं
आणि जिरॅनियमच्या कुंडीला टेकून थांबतं.
दर वेळी तीच कुंडी.
आणि असल्या घरात एलिसेओला रेकॉर्ड प्लेअर हवाय
हौदातल्या पाण्यासारखा समतल.

मी खालच्या मजल्यावरचा भाडेकरू.
मला स्क्रूड्रायव्हर धरता येतो, एवढ्यावर बोलावणं.
पाणसळ ठेवली, बुडबुडा समुद्राकडे पळाला.
एका पायाखाली शंभर पेसोचं नाणं, मग दुसरं,
मग लाँचचं जुनं तिकीट, चौघडी करून.
बुडबुडा मध्यावर येऊन थरथरला.
‘श्वास सोडू नकोस,’ म्हातारा म्हणाला,
मला की मशीनला, कोण जाणे.

गेल्या मंगळवारी हादरा बसला होता.
मोठा नव्हे, इथे अशा हादऱ्याला
लोक नुसता कप हाताने झाकतात.
पण फळी कलली
आणि तीनशे अकरा रेकॉर्ड जमिनीवर.
फुटल्या दोनच. दोन्ही मेव्हण्याने दिलेल्या.
कोणी हळहळलं नाही.

आता लावायच्या कशा?
त्याचं म्हणणं, अक्षरांप्रमाणे, सरळ.
तिचं म्हणणं, पूर्वी होत्या तशा:
या इस्त्रीच्या वेळच्या,
या पाहुणे लवकर उठावेत म्हणून,
या भांडणानंतरच्या (याच हाताशी हव्यात).
एका बोलेरोच्या कव्हरात तांगो निघाला,
तांगोच्या कव्हरात विजेचं बिल.
बोलेरो तीस वर्षं सापडलेला नाही
आणि त्याचा आळ अजून दोघांत ठरायचाय.
मी फक्त धूळ पुसत होतो.
संध्याकाळपर्यंत ‘म’पर्यंत अक्षरं झाली
आणि पुढची सगळी फळी इस्त्रीची.

मग स्पीकर.
दोरा ताणला, तिन्ही बाजू सारख्या मोजल्या,
खुर्चीच्या पायापाशी खडूची फुली मारली.
तेव्हा कुठे तो सहज बोलला:
डावा कान गोदीत गेला, सत्त्याहत्तर साली,
बोटीच्या पोटात गंज ठोकून काढताना.
मी व्यवहाराचं बोललो.
म्हटलं, मग दोन्ही उजवीकडे ठेवू,
किंवा एकच ठेवू, वायर तरी वाचेल.
समुद्राकडची खिडकी बुजव म्हटल्यासारखं
त्याने माझ्याकडे पाहिलं.
‘कान गेलाय,’ म्हणाला. ‘डावी बाजू कुठे गेलीय?’

सुई टेकली.
आधी तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर,
मग गिटार, मग एक बाई गायला लागली,
दोन स्पीकरच्या मधोमध, जिथे नुसती भिंत होती.
निदान मला तरी ती तिथे दिसली.

एर्मेलिंदा ओल्या हातांनीच आली.
स्टूल ओढलं, त्याच्या डाव्या अंगाला बसली,
जणू तिथे रोजच बसते.
डावीकडे गिटार वाजलं की
तिचं बोट त्याच्या मनगटावर पडायचं.
व्हायोलिन असलं की नख, हलकेच ओढलेलं.
टाळ्या आल्या तर पूर्ण तळवा.
तो मान डोलवायचा, अर्धी मात्रा उशिरा.
एकदा तिचं चुकलं. त्याने हात काढून घेतला,
तिने तो परत ओढला.

मी खाली वाकून खडूची फुली पुसली
आणि एक वीत सरकवून दुसरी काढली,
स्टूलही मापात बसेल अशी.
हिशोबाने हे चूक आहे. आवाज जरा एका अंगाला जातो.

पाणसळ खिशात टाकून जिना उतरलो.
रात्री माझ्या छतातून फक्त खर्ज येत होता,
शेजारच्या टेकडीवरची कुत्री मधूनमधून भुंकत होती.
मग बाजू संपली.
सुई शेवटच्या खाचेत ठकठक करत राहिली,
किती तरी वेळ.
वर कोणी उठलं नाही.