पंच क्रमांक दोन

नाव इमाम मौलासाब नदाफ. वय सत्तावन्न.
धंदा? सायकल दुरुस्ती, अक्कलकोट रोड, पाण्याच्या टाकीखाली.
खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, हे म्हणून झालं.
आता विचारतील तेवढंच बोलायचं.

पंचनाम्यावरची सही माझीच.
पहाटे पावणेपाचला शटर वाजवून उठवलं मला.
रस्त्यावर मुरूम सांडलेला.
हवालदार टेप काढून म्हणाले, धर रे हे टोक.
मी धरलं.
दुसरं टोक राजमल्लू मेरगूच्या चपलेपाशी गेलं.
अकरा मीटर चाळीस.

सायकल ओळखली का? ओळखली.
तोंड नंतर ओळखलं.
हिरवी, बावीस इंची, कॅरिअरला डब्याची पिशवी,
सीटवर टॉवेलचा काठ दुमडून शिवलेला,
त्याच्याच मागावरचा.
बारा वर्षं तिचं पंक्चर मी काढलंय.
एका ट्यूबवर एकोणीस ठिगळं, विसाव्याला जागा नव्हती.
रात्रपाळी सुटली की हवा भरायला थांबायचा,
पंपावर वाकला की केसांतून कापूस गळायचा.

टिपर होता. त्याला नंबर होता, मालक होता,
एका रात्रीत अकरा खेपांचा हिशोब होता.
मालक मी अजून पाहिलेला नाही.
आरोपी म्हणून हा पोरगा उभा आहे,
मिसरूड कोवळं, अंगठ्याचं नख खातोय.
कागदात लिहिलंय, हयगयीने.
हयगय मला कळते, साहेब.
नट अर्धा आटा कमी आवळला, ती हयगय.
अकरा खेपा म्हणजे कुणीतरी पंख्याखाली बसून
पेनानं मांडलेला आकडा.

एवढं विचारलेलं नव्हतं.
खोडा, म्हणाले.

मग त्याचे वकील उठले.
सायकलला मागे लाल दिवा होता?
नव्हता.
चकाकती पट्टी?
नव्हती.
टाइप करणाऱ्या बाईंची बोटं चालली, नव्हता, नव्हती.
त्या सोमवारी पट्टी माझ्या हातात होती.
वीस रुपये. म्हणाला, शनिवारी पगार, शनिवारी लाव.
मी ती परत खिळ्याला अडकवली.
हे कुणी विचारलं नाही.
टाकीपासून नाक्यापर्यंत नऊ खांब बंद होते,
तेही नाही.

बाहेर बाकड्यावर लसमव्वा. हाताला विडीच्या पानांचा वास.
सहा वर्षांत तेवीस तारखा,
बोटांच्या पेरांवर तेलुगूत मोजते ती.
म्हणाली, खरंच सांगितलाव न्हवं, भाई?
हो म्हणालो.
म्हणाली, मग बरं झालं.
त्या बऱ्याचं काय करायचं, मला कळेना.

टिपर आठव्या दिवशी सुटला होता, बंधपत्रावर.
सायकल अजून आत आहे,
ठाण्यामागे, बाभळीखाली, गळ्यात पुठ्ठ्याचा नंबर.
परतताना तिकडे वळलो.
सवयीनं अंगठा टायरवर दाबला, थेट रिम लागली.
आतून कुणी ओरडलं,
ए चाचा, हात नको लावू, मुद्देमाल आहे तो.

हवा कधीच गेलेली.
पण ठिगळं धरून असतील, एकोणीसच्या एकोणीस.
न उघडता सांगतो.
ती मी लावली होती.