चौकटीतलं नाव

फॉर्मवर तेव्हा एकेचाळीस कंट्रोल होते.
मोजून ठेवले होते मी, दुसरं कोण मोजणार?
क्लाक्सविकच्या बंदर-कचेरीत, लिलावघरावरच्या खोलीत,
जिथे हीटर लावला की मॉनिटर मंदावायचा
आणि कीबोर्डला कायम माशाचा वास.

बोटीचं नाव. नाखवा. जाळं कुठलं.
निघायची वेळ. परतायची वेळ, जी बहुधा थापच.
बर्फ किती, डिझेल किती.
आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट,
तिच्यात दोनच रकाने :
किनाऱ्यावर कोणाला कळवायचं,
त्यांचा फोन.

एयुन म्हणाला, होग्नी, दर बोटीनंतर
पुसत बसायचं म्हणजे बोटं गळतात रे.
म्हणून ‘नवीन’ बटणामागे मी थोड्या ओळी लिहिल्या :
फॉर्मवरच्या एकेकाकडे जा.
लेबल असेल तर सोड, त्याला पुसण्यासारखं काही नसतं.
चेकबॉक्स असेल तर खूण काढ.
टेक्स्टबॉक्स असेल तर रिकामा कर.

लूप निघाला खानेसुमारीच्या कारकुनासारखा,
दारोदार, रांगेने, कोणाशी न बोलता.
चौकटीपाशी आला, थबकलासुद्धा नाही.
ही टेक्स्टबॉक्स नव्हे, म्हणाला,
आणि पुढच्या दारी गेला.
उंबऱ्याच्या आत कोणी राहतं
हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.
सांगायचं काम माझं होतं.

पहिली नोंद ‘तेर्ना’ची.
चौकटीत : सुन्निवा, आणि सहा आकडे.
मग दुसरी बोट, तिसरी, नववी.
एयुन वरचं भरायचा. खालचं भरलेलं दिसायचं,
त्याला वाटायचं, घाईत आपणच भरलं असेल.
नोव्हेंबर संपता संपता
तेवीस बोटींना मिळून किनाऱ्यावर
एकच बाई होती.

त्या रात्री वारा वायव्येचा.
चार बोटी वेळेवर आल्या नाहीत.
एयुनने चारदा फोन केला, यादीत होता तोच,
झोपेत आवाजही ओळखला नाही त्याने.
चारही वेळा तिकडून आलं :
बरं. कळवलंत, आभारी आहे.
भाऊ तिचा ‘तेर्ना’वरून केव्हाच उतरलेला,
ऑलबोर्गला सिमेंटच्या कारखान्यात होता.
नंबर चुकला, असं ती एकदाही म्हणाली नाही.

ज्यांच्या घरी फोन जायला हवा होता
ती घरं गाढ झोपली.
उजाडता उजाडता बोटी आल्या,
एक, मग दोन बरोबर, आणि खूप उशिरा चौथी,
मोडक्या डोलकाठीची.
घरच्यांना कळलं ते थेट न्याहारीला,
ओले बूट दारात बघून.

मी खुर्चीत बसलो आणि फलन बदललं.
ज्याच्या पोटात कोणी आहे, त्याच्या पोटात जा.
तिथेही कोणाच्या पोटात कोणी असेल
तर स्वतःलाच हाक मार आणि आणखी आत उतर,
अगदी शेवटच्या डब्यापर्यंत.
मग आलास त्याच वाटेने परत ये.
चार ओळींच्या सात झाल्या, एवढंच.
इतक्या सोप्या गोष्टीला लाज वाटावी इतक्या थोड्या.

बटण दाबलं. सगळं पांढरं.
चौकटीतलं नावही गेलं, एका क्षणात,
पडद्यावर हललंसुद्धा नाही काही.
उरलं ते फक्त लेबल, ज्याला मी पुसायचं नाही म्हटलं होतं :
किनाऱ्यावर कोणाला कळवायचं.
पुढे रिकामी जागा, आणि लुकलुकणारा कर्सर.

एयुन खिडकीशी उभा होता, कॉफीचा कप थंड झालेला.
म्हणाला, तिला कोणी सांगितलं का,
आल्या म्हणून?
नंबर मी आत्ताच पुसला, मी म्हणालो.
तो काही बोलला नाही.
न बघता सहा आकडे फिरवले त्याने.

पहिल्याच घंटेला तिकडून उचलला.