अठ्ठावीसपैकी

पुलाच्या कामाला जेसीबीने काठ उकरला
आणि विश्वामित्रीच्या मातीतून मगरीची अंडी निघाली.
अठ्ठावीस. दिघेकाकांनी ती थर्मोकोलच्या खोक्यात
तिथल्याच मातीत, वरची बाजू वरच ठेवून घरी आणली.
प्रत्येकावर पेन्सिलीची फुली. उलटलं तर आतला जीव गुदमरतो.
खोक्याला वनखात्याचा परवानगीचा कागद.

काका विद्यापीठात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत
तेहेतीस वर्षं बरण्या पुसत होते.
फॉर्मॅलिनचा वास त्यांच्या बोलण्यालाही येतो.
"कुणी काही ठरवलेलं नाही.
घरट्यात साडेबत्तीस अंश, तर नर.
दोन अंश उतरले, तर मादी.
सावली कुठल्या झुडपाची पडली, एवढाच प्रश्न.
याला तू रचना म्हणतोस, रेवाशंकर?"

रेवाशंकर काठावरच्या महादेवाचे पुजारी.
बोलतात मराठी, चिडतात गुजरातीत.
"झुडूप कोणी लावलं?"
"बाभूळ कोणी लावत नाही. बकरी लावते. लेंडीतून."
"अने बकरी?"

काका रात्री उठून थर्मामीटर बघायचे,
ओलं पोतं टाकायचे, काढायचे.
"म्हणजे नर की मादी, ते तूच ठरवतोस,"
रेवाशंकर खूश.
"मी नाही. वीज कंपनी ठरवते."

असं रोज, सेव-उसळ गार होईपर्यंत.
एकाचं दुसऱ्याला पटत नाही, तरी...
तरी म्हणजे इथे लाल तेल. ती वेगळ्या वाटीत येते
आणि दोघंही माझ्या वाटीतली घेतात.

मी मराठी शिकवायचे. शाळा बंद झाली तेव्हा
शेवटच्या वर्गात चार मुलं होती, त्यातली दोन जुळी.
मला यांनी पंच नेमलंय, मला येतात फक्त संधी सोडवता.
योगायोग, मी म्हटलं,
फोडला की योग अधिक अयोग.
जुळणं आणि न जुळणं, विळ्याभोपळ्याचं सख्य,
तरी एका शिरोरेघेखाली राहतात.
"हे व्याकरण झालं," काका म्हणाले.
"व्याकरण पण कोणी केलं?" रेवाशंकर म्हणाले.

सहा जूनला, दुपारी तीनच्या सुमाराला
खोकं बोललं.
आधी वाटलं, फळीमागे उंदीर.
मग पुन्हा: उंक्. उंक्.
कवचाच्या आतून, अजून न जन्मलेल्या तोंडाने.
मग शेजारच्याने ओ दिली. मग त्याच्या शेजारच्याने.
नदीवर असती, तर आईने ऐकून माती उकरली असती.
हाक तिला होती.
पोचली आम्हा तिघांना.

काकांनी हाताने माती बाजूला केली.
तेहेतीस वर्षं यांच्या हातून एक बरणी फुटली नव्हती,
आज बोटं थरथरत होती.
"हे मी वाचलं होतं," म्हणाले. आणि थोड्या वेळाने,
"बरणीत हाक टिकत नाही."
मग कुणी ठरवलं, कुणी नाही,
यातलं एक अक्षर बोलले नाहीत.

सतरा निघाली.
संध्याकाळ झाली तरी उरलेली अकरा गप्प.
रेवाशंकरांनी एक उचललं, फुली वर ठेवून,
कानाला लावलं. बराच वेळ.
मग दुसरं.
अकराच्या अकरा ऐकली त्यांनी.
मला वाटलं, आता म्हणतील त्याची इच्छा,
म्हणाले नाहीत.
जानव्याने कान पुसला आणि दाराशी जाऊन बसले.

वनखात्याची माणसं आली, तेव्हा अंधारत होतं.
आम्ही बादली घेऊन काठावर गेलो.
एकाने जाता जाता काकांचं बोट धरलं,
दात म्हणजे तांदळाच्या कण्या,
पण रक्त आलं. काका ते बघत राहिले,
कुणी पत्र पाठवावं तसे.
समोर पाण्यात दोन गाठी वर आल्या.
"लाकूड असेल," काका म्हणाले.
"असेल," रेवाशंकर म्हणाले.
लाकूड प्रवाहाविरुद्ध थोडं सरकलं.

दुसऱ्या दिवशी उसळ आली. वाटी आली.
काकांच्या बोटाला पट्टी.
बराच वेळ नुसते चमचे.
मग रेवाशंकरांनी माझी वाटी ओढली आणि म्हणाले,
"आपण बकरीपर्यंत आलो होतो."